मणिभवन, गावदेवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या गांधीजींच्या या घराबद्दल वाचक, शिक्षक आणि सहलीची तयारी करणारे पालक जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधी माहिती आहे, पुढे तारखांचे घोळ आणि अपवाद. एकाच गोष्टीचा संबंध दोन प्रश्नांशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मणिभवन हे गांधीजींचं स्वतःचं घर होतं का?

नाही. घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. गांधीजी तिथे पाहुणे म्हणून उतरत. मुंबईत त्यांच्या मालकीचं घर नव्हतं. हा मुद्दा बारीक वाटला तरी घर पाहताना फार उपयोगी पडतो. इथे राजवाड्यासारखी दालनं नाहीत, पिढीजात सामान नाही, दिवाणखान्याचा थाट नाही. एका स्नेह्याने आपल्या राहत्या घरात मोकळी करून दिलेली एक खोली आहे, आणि तिथून एका माणसाने देशभरचं काम चालवलं. हे मनात धरून जिना चढलात तर खोलीचा साधेपणा मुद्दाम मांडलेला वाटणार नाही.

२. रेवाशंकर झवेरी कोण? गांधीजी त्यांच्याकडेच का उतरत?

रेवाशंकरभाई जवाहिराचे व्यापारी आणि डॉ. प्राणजीवन मेहता यांचे बंधू. लंडनमध्ये कायदा शिकताना गांधीजींना ज्यांचा मोठा आधार होता, ते हे डॉ. मेहता. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन गांधीजी मुंबईत परतले तेव्हा मेहता कुटुंबाच्या घरीच त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. रायचंदभाई रेवाशंकर जगजीवन या पेढीत भागीदार होते. त्यामुळे मणिभवनातल्या पहिल्या मुक्कामाआधीच या ओळखीला पाव शतक झालं होतं.

एक खुलासा: रायचंदभाईंची ती भेट मणिभवनात झाली असं काही ठिकाणी छापलेलं दिसतं. ते बरोबर नाही. मणिभवनाशी गांधीजींचा संबंध १९१७ पासूनचा आहे, आणि रायचंदभाई १९०१ मध्येच वारले होते.

३. गांधीजी इथे किती वर्षं राहिले?

१९१७ ते १९३४ या काळात ते मुंबईत आले की बहुधा इथे उतरत. "सतरा वर्षं राहिले" असं लिहिणं मात्र चुकीचं. १९३० पर्यंत त्यांचं ठिकाण साबरमतीचा आश्रम होता, १९२२ ते १९२४ आणि पुन्हा १९३० नंतर बराच काळ ते येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि उरलेला वेळ दौऱ्यांत गेला. मणिभवन हा त्यांचा मुंबईतला तळ होता. काही मुक्काम दोन-चार दिवसांचे, तर आजारपणातला मुक्काम लांबलेला (प्रश्न ८ आणि ९).

४. पत्ता, वेळ, तिकीट?

१९, लॅबर्नम रोड, गावदेवी, मुंबई ४००००७. पश्चिम रेल्वेचं ग्रँट रोड स्टेशन जवळचं. पश्चिमेला उतरून नाना चौकातून गावदेवीच्या दिशेने चालत साधारण पंधरा मिनिटं लागतात. चर्नी रोडहून थोडं जास्त चालावं लागतं. टॅक्सीवाल्याला नुसतं "मणिभवन" सांगून भागलं नाही तर "गावदेवी, लॅबर्नम रोड" सांगा. रस्ता अरुंद आणि वस्तीचा आहे. गाडी लावायला जागा मिळेल या भरवशावर येऊ नका.

संग्रहालय साधारणपणे सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा उघडं असतं. तिकिटाचं आधी विचारून घ्या. सणासुदीला, २ ऑक्टोबरला किंवा ३० जानेवारीला येणार असाल तर आधी फोन करून खात्री करा. त्या दिवशी कार्यक्रम असतात आणि गर्दीही. फोटो काढायचे असतील तर आत शिरतानाच टेबलाशी विचारून घ्या.

५. कोणत्या मजल्यावर काय आहे? कुठल्या क्रमाने पाहावं?

तळमजल्यावर ग्रंथालय (प्रश्न १७). जिन्याच्या भिंतींवर छायाचित्रं आहेत. पहिल्या मजल्यावर सभागृह, तिथे गांधीजींवरचे चित्रपट आणि त्यांच्या भाषणांची ध्वनिमुद्रणं दाखवण्या-ऐकवण्याची सोय आहे. पत्रांच्या प्रती आणि छायाचित्रांचं दालनही आहे (प्रश्न १४). दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली (प्रश्न ६), आणि शेजारच्या दालनात त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. त्याच्या वर गच्ची (प्रश्न १२).

बहुतेक जण खालून वर पाहत जातात, आणि खोलीपर्यंत पोचेस्तोवर दमतात. जिन्यावरचा प्रत्येक फोटो थांबून पाहण्यातच अर्धा तास जातो. त्यापेक्षा आधी थेट दुसऱ्या मजल्यावर जावं, खोली शांतपणे पाहावी, मग देखावे, मग गच्ची, आणि उतरताना फोटो व पत्रं. पहिल्यांदा येणाऱ्याला तास-दीड तास पुरतो. मुलं बरोबर असतील तर देखाव्यांपाशी जास्त वेळ धरा.

६. गांधीजींच्या खोलीत काय काय आहे? आत जाता येतं का?

आत जाता येत नाही. खोली काचेपलीकडून पाहायची. जमिनीवर पांढरी गादी आणि तक्क्या, पुढे लिहायचं बैठं मेज, चरखे आणि पुस्तकं. बस इतकंच. पहिल्या नजरेत "एवढंच?" असं वाटतं आणि लोक मिनिटभरात पुढे सरकतात. तसं करू नका.

काचेपाशी उभं राहून बैठकीची रचना पाहा. लिहिणारा माणूस जमिनीवर बसलेला, मेज मांडीच्या उंचीचं, म्हणजे भेटायला येणाऱ्यालाही समोर जमिनीवरच बसावं लागणार. गिरणीमालक येवो, पुढारी येवो की कातणारी बाई, बैठक एकच. चरखा हाताच्या अंतरावर. लिहिणं, बोलणं आणि कातणं या तिन्ही कामांची ही खोली आहे, आणि झोपणंही त्याच गादीवर. काचेवर उजेड चमकत असेल तर जरा तिरकं उभं राहा किंवा हाताने आडोसा करा, मागच्या बाजूच्या वस्तूही दिसतात.

७. चरखे एकमेकांपेक्षा वेगळे का दिसतात? ते चालतात कसे?

दोन मुख्य जाती ध्यानात ठेवा. उभा चरखा हा जुना घरगुती प्रकार: एक मोठं चाक, त्याला हातदांडा, आणि समोर लोखंडी चाती, म्हणजे धाग्याला पीळ देणारी टोकदार सळई. पेटी चरखा नंतरचा. १९३० च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्यावर मेहनत घेतली तो हाच. म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. त्यात दोन आडवी चाकं पेटीत बसवलेली असतात, मोठ्या चाकाची गती लहान चाकावर आणि तिथून चातीवर जाते. त्यामुळे चाक लहान असूनही चाती पुरेशा वेगाने फिरते. पेटी मिटली की हातात धरून नेता येते. सतत प्रवासात असणाऱ्या माणसाला हे किती सोयीचं होतं हे सांगायला नको.

कातण्याची क्रिया दोन्हीत तीच. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हातात पिंजलेल्या कापसाचा पेळू. चाकावरून चातीपर्यंत माळ, म्हणजे गती पोचवणारी दोरी, गेलेली असते. चाती फिरते तसा तिच्या टोकाशी धाग्याला पीळ बसतो, आणि डावा हात पेळू मागे ओढत धागा लांबवत नेतो. हात पुरता लांब झाला की चाक किंचित उलटं फिरवून टोकाचे वेढे सोडवायचे आणि तयार धागा चातीवर गुंडाळायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

शाळांच्या कार्यक्रमांत मुलांचा धागा सारखा तुटतो आणि "चरखा बिघडला" अशी तक्रार येते. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं. माळ सैल असली की चाक फिरतं पण चाती घसरते, पीळ कमी पडतो आणि धागा सुटतो. पेळू नीट पिंजलेला नसला की धागा कुठे जाड कुठे बारीक येतो आणि बारीक जागी तुटतो. आणि चाती जराशी जरी वाकलेली असली तरी दर फेऱ्याला धाग्याला हिसका बसतो. आधी माळ तपासा, मग पेळू, मग चाती.

८. गांधीजी चरखा मणिभवनातच शिकले का? काही ठिकाणी १९१७ लिहिलंय, काही ठिकाणी १९१९.

दोन्ही वर्षांना आधार आहे, कारण ती दोन वेगवेगळ्या गोष्टींची वर्षं आहेत. १९१७ मध्ये भडोचच्या शिक्षण परिषदेत गांधीजींना गंगाबेन मजमुदार भेटल्या. चरखा शोधून काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं, आणि बडोदा संस्थानातल्या विजापूरला तो त्यांना सापडला. तोवर गांधीजींनी चरखा नीट पाहिलाही नव्हता.

मुंबईतला भाग आजारपणातला आहे. १९१८ च्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतून सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांची प्रकृती ढासळली, आणि पुढे ते मुंबईत अंथरुणाला खिळून होते. त्या अवस्थेतही चरख्याचा शोध चालूच होता. अखेर कातणाऱ्या दोघी सापडल्या. त्यांचा दर शेर सुताला एक रुपया, आणि हा शेर २८ तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबात सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. दर जास्त होता, तरी तो दिला. त्यांच्याकडून अवंतिकाबाई गोखले, रमीबाई कामदार, शंकरलाल बँकरांच्या आई आणि वसुमतीबेन कातायला शिकल्या. गांधीजींच्या खोलीत चरख्याची गुणगुण सुरू झाली, आणि आपण बरं होण्यात तिचा वाटा लहान नव्हता असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे.

म्हणून प्रकल्पात लिहायचं असेल तर "शोध १९१७ पासून, मुंबईच्या खोलीत चरखा फिरला तो १९१८-१९ च्या आजारपणात" असं लिहा.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सुरुवातीला विजापूरला गंगाबेनकडे पाठवायचे पेळू उमर सोबानी यांच्या गिरणीतून येत. गिरणीचेच पेळू वापरायचे तर गिरणीचं सूत का नको, हा प्रश्न गांधीजींना स्वतःलाच पडला, आणि तिथून हाताने पिंजलेल्या कापसाचा, पिंजाऱ्याचा शोध सुरू झाला. खादीचा विचार असा एकेका अडचणीतून पुढे सरकला.

९. शेळीचं दूध घ्यायला त्यांनी इथेच सुरुवात केली, हे खरं का?

तो प्रसंग याच आजारपणातला, जानेवारी १९१९ च्या मुंबईतल्या मुक्कामातला. गाई-म्हशींचं जास्तीत जास्त दूध काढण्यासाठी होणाऱ्या क्रूर प्रकारांमुळे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतच दूध सोडलं होतं. मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. व्रताची अडचण गांधीजींनी सांगितली तेव्हा जवळच उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारलं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? डॉक्टरांनी तेच उचलून धरलं.

गांधीजींनी ते मान्य केलं, पण त्यांच्या मनाला ते कायम टोचत राहिलं. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती, त्यामुळे अक्षर पाळलं गेलं, आशय मात्र मोडला, असं त्यांचं मत. जगायची इच्छा बळावली होती त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

१०. रौलट सत्याग्रहात या घरातून नेमकं काय घडलं?

मणिभवनाच्या इतिहासातला हा सर्वांत भरगच्च आठवडा, म्हणून जरा तपशिलात.

विनाचौकशी डांबून ठेवण्याची मुभा सरकारला देणाऱ्या रौलट विधेयकांविरुद्ध प्रतिज्ञा तयार झाली ती २४ फेब्रुवारी १९१९ रोजी साबरमतीला. या लढ्यासाठी काढलेल्या सत्याग्रह सभेचं मुख्य काम मात्र मुंबईत. ६ एप्रिल हा देशभर उपवास, प्रार्थना आणि हरताळाचा दिवस ठरला. त्या रविवारी सकाळी लोक चौपाटीवर समुद्रस्नानाला जमले, तिथून ठाकूरद्वारपर्यंत मिरवणूक गेली, मशिदीत गांधीजींची आणि सरोजिनी नायडूंची भाषणं झाली. संध्याकाळी कायदेभंग: सरकारने बंदी घातलेली 'हिंद स्वराज' आणि 'सर्वोदय' ही गांधीजींची पुस्तकं उघड विकायची. गांधीजी आणि सरोजिनीबाई मोटारींतून विक्रीला निघाले. किंमत चार आणे, पण लोक खिशात असेल ते देत. एका प्रतीला पन्नास रुपये आल्याची नोंद गांधीजींनी केली आहे. सरकारने नंतर भूमिका घेतली की ही नवी छपाई आहे, बंदी जुन्या आवृत्तीवर होती, म्हणून गुन्हा झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी ७ एप्रिलला, 'सत्याग्रही' हे नोंदणी न केलेलं पत्रक निघालं. विनानोंदणी वृत्तपत्र काढणं हाच कायदेभंग. संपादक मोहनदास करमचंद गांधी, पत्ता लॅबर्नम रोड, गावदेवी, किंमत एक पैसा, दर सोमवारी सकाळी दहाला प्रसिद्ध होणार, अशी माहिती त्यावर उघड दिली होती. सरकारला धरायचं असेल तर पत्ता शोधावा लागू नये, याची ही व्यवस्था. या घराचं महत्त्व मुलांना एका गोष्टीत सांगायचं असेल तर ही सांगावी.

मग गांधीजी पंजाबकडे निघाले. पलवल स्टेशनला त्यांना उतरवून घेतलं आणि पोलीस बंदोबस्तात मुंबईला परत आणलं. कुलाब्याला गर्दी असेल म्हणून मरीन लाइन्सपाशी गाडी थांबवून त्यांना सोडून दिलं. एका ओळखीच्या माणसाने आपल्या गाडीतून रेवाशंकरभाईंच्या घरी पोचवलं. अटकेच्या बातमीने पायधुणीला जमाव खवळला होता. उमर सोबानी आणि अनसूयाबेन साराभाई धावत आले, आणि गांधीजी आल्या पावली त्यांच्याबरोबर तिकडे गेले. घोडेस्वार पोलीस जमावात घुसताना त्यांनी तिथे पाहिलं. या सगळ्याची तारीख ११ एप्रिल १९१९. दोन दिवसांनी जालियनवाला बाग.

११. १९२१ चं उपोषण कशासाठी होतं?

१७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन लोकांवर जमावाने हल्ले केले, मग उलट हल्ले झाले, आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधीजी मुंबईतच होते. आपल्याच नावाचा जयघोष करत लोक मारहाण करतायत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९ नोव्हेंबरला त्यांनी उपोषण धरलं आणि सगळ्या समाजांचे प्रतिनिधी एकत्र आल्यावर २२ ला सोडलं. मणिभवनाच्या इतिहासात सांगितलं जातं ते "चार दिवसांचं उपोषण" हेच. याच घटनेमुळे बारडोलीचा ठरलेला कायदेभंग लांबणीवर पडला, आणि स्वराज्य मिळेपर्यंत दर सोमवारी चोवीस तास उपवास करण्याचं त्यांनी जाहीर केलं.

हे उपोषण सरकारविरुद्ध नव्हतं, स्वतःच्या अनुयायांविरुद्ध होतं. या घराच्या इतिहासातला हा भाग घाईत गाळू नये.

१२. गच्चीवरून अटक झाली ती कधी?

४ जानेवारी १९३२, पहाटे तीनच्या सुमारास. गोलमेज परिषदेहून गांधीजी २८ डिसेंबर १९३१ ला मुंबईच्या बंदरात उतरले आणि त्याच संध्याकाळी आझाद मैदानावर बोलले. ते समुद्रात असतानाच इकडे खान अब्दुल गफारखान आणि जवाहरलाल नेहरू यांना अटक झाली होती. नेहरू तर त्यांना भेटायला मुंबईकडे येतानाच पकडले गेले. व्हाइसरॉय विलिंग्डन यांना भेटीची तार गेली, त्यांनी नकार दिला. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका मणिभवनात चालू होत्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी कायदेभंग पुन्हा सुरू करण्याचा ठराव झाला.

गांधीजींना उघड्यावर झोपायची सवय, म्हणून गच्चीवर तंबू ठोकलेला होता. पोलीस थेट तिथे आले. तो सोमवार, म्हणजे मौनाचा वार, त्यामुळे जे सांगायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. अटक १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली, म्हणजे ना खटला ना शिक्षेची मुदत. तिथून येरवडा. वल्लभभाई पटेलही त्याच दिवशी पकडले गेले.

१३. 'चले जाव'च्या वेळी त्यांना मणिभवनातून अटक झाली ना?

नाही. ही सर्वांत जास्त होणारी गफलत आहे. ८ ऑगस्ट १९४२ चा ठराव गवालिया टँक मैदानावर, मणिभवनापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर झाला, त्यामुळे लोक घर इथलंच धरतात. गांधीजी तेव्हा मलबार हिलवरच्या बिर्ला हाउसमध्ये उतरले होते आणि ९ ऑगस्टला पहाटे अटक तिथून झाली. नेलं पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. त्यातही आणखी एक घोळ: ३० जानेवारी १९४८ ला हत्या झाली ते बिर्ला हाउस दिल्लीचं. मुंबईचं वेगळं.

१४. हिटलरला लिहिलेलं पत्र इथे आहे. ते इथूनच लिहिलं होतं का?

इथे आहे ती प्रत. ते पत्र २३ जुलै १९३९ चं, त्यावर पत्ता वर्ध्याचा. युद्ध टाळण्याची विनंती होती, पण ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. रूझवेल्ट यांना लिहिलेलं पत्र १ जुलै १९४२ चं, सेवाग्रामहून. दोन्ही पत्रं मणिभवनातले मुक्काम थांबल्यानंतरची आहेत. इथे ती गांधीजींच्या पत्रव्यवहाराचा नमुना म्हणून मांडली आहेत.

१५. मार्टिन ल्युथर किंग या घरात राहिले होते का?

हो. १९५९ च्या भारतभेटीत ते आणि कोरेटा किंग यांनी इथे मुक्काम केला. ६ नोव्हेंबर २०१० रोजी बराक आणि मिशेल ओबामा इथे आले. अभिप्राय-वहीतल्या अशा नोंदींचे फोटो मागायचे असतील तर संग्रहालयालाच विचारा.

१६. या घराशी मराठी माणसांचा काय संबंध?

अवंतिकाबाई गोखले हे नाव इथे सर्वांत आधी घ्यायला हवं. १९१७ मध्ये त्या आणि त्यांचे पती बबनराव चंपारणला गेले आणि बढरवा गावी शाळा चालवली. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं, त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज काढला. आणि प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे गांधीजींच्या आजारपणात कातायला शिकलेल्या पहिल्या स्त्रियांत त्या होत्या. मराठी शाळांच्या सहलींत त्यांचं नावही निघत नाही, याचं वाईट वाटतं. शिक्षकांनी एवढं तरी जरूर सांगावं.

टिळक मुंबईत सरदारगृहात उतरत, क्रॉफर्ड मार्केटपाशी. १ ऑगस्ट १९२० ला त्यांचं निधन तिथे झालं, अंत्यसंस्कार चौपाटीवर झाले, त्यात गांधीजी होते. असहकाराची चळवळ त्याच दिवशी सुरू झाली. मणिभवन आणि सरदारगृह एकाच दिवशी पाहिलीत तर त्या काळातल्या मुंबईच्या राजकारणाची दोन टोकं लक्षात येतात.

१७. ग्रंथालय कुणालाही वापरता येतं का?

ग्रंथालयात चाळीस हजारांहून अधिक पुस्तकं आहेत, गांधीजींची, गांधीविचाराची आणि स्वातंत्र्यलढ्याची. तिथे बसून वाचण्यासाठी विभाग आहे आणि घरी नेण्यासाठीही. सभासदत्वाचे सध्याचे नियम तिथेच विचारा. अभ्यासासाठी येणार असाल तर विषय आणि वर्ष आधी ठरवून या. "गांधीजींवर काहीतरी" असं मागितलं तर कपाटंच्या कपाटं समोर येतात. "१९२१, मुंबई, प्रिन्स ऑफ वेल्स" असं मागितलं की नेमका खंड हातात पडतो.

१८. गुडघे दुखतात. वर गेल्याशिवाय काही पाहता येईल का?

खोली, देखावे आणि गच्ची वरच आहेत, आणि वर जायचं ते जुन्या घराच्या जिन्याने. तळमजल्यावर ग्रंथालय आणि काही छायाचित्रं आहेत. चढायचंच असेल तर सकाळी उघडताच या, गर्दी नसते, पायऱ्यांवर थांबता येतं, आणि पहिल्या मजल्यावर सभागृहाशी विसावा घ्या. सहलीचे गट बहुधा उशिरा सकाळी येतात.

१९. मणिभवनाबरोबर अर्ध्या दिवसात आणखी काय पाहता येईल?

मणिभवन पाहून चालत ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजेच पूर्वीचं गवालिया टँक. मैदानालगतच गोकुळदास तेजपाल संस्था, जिथे डिसेंबर १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथून उलट फिरून गिरगाव चौपाटी, टिळकांचा पुतळा आणि १९१९ चं समुद्रस्नान झालं तो किनारा. सगळं पायी होतं. उन्हाळ्यात मैदान सकाळीच उरका. लॅबर्नम म्हणजे बहावा; रस्त्याला नाव या झाडावरून आहे.

२०. १९३४ नंतर गांधीजी इथे का आले नाहीत, आणि संग्रहालय कधी झालं?

जून १९३४ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक इथे झाली. त्यानंतर गांधीजींचं ठाणं वर्ध्याला आणि १९३६ पासून सेवाग्रामला गेलं. मुंबईत आले की ते बिर्ला हाउसमध्ये उतरू लागले, आणि १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर जुहूला राहिले. १९२४ च्या विश्रांतीचं जुहू वेगळं: ते पुण्याच्या ससूनमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्यानंतरचं. दोन्ही जुहू एकमेकांत मिसळू देऊ नका.

१९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने ही वास्तू स्मारक म्हणून जतन करण्यासाठी ताब्यात घेतली. आज दिसणारी मांडणी, देखावे, सभागृह आणि ग्रंथालय ही त्यानंतरची आहेत. म्हणून घर पाहताना गांधीजींच्या काळातलं काय आणि स्मारक झाल्यावर काय आलं, असा फरक करत पाहा. दुसऱ्या मजल्यावरची खोली आणि गच्ची या दोन जागा १९१७ ते १९३४ च्या काळाशी थेट जोडलेल्या आहेत. वेळ अगदीच कमी असेल तर तेवढ्या दोन पाहून निघालात तरी चालेल.